टोरांटो येईपर्यंत केर काढायचा नाही

सुवर्णा टोरांटोला गेली आणि शेणव्यात आमच्या आळीत किस्से साठायला लागले. चार माणसं ओटीवर बसली की एखादा निघतोच. बहुतेक माझ्या यमुनाकाकूचे, म्हणजे सुवर्णाच्या आईचे. काकूचा एक नियम आहे: माणूस प्रवासाला निघालं की ते पोचल्याचं कळेपर्यंत घरात केर काढायचा नाही. वाशिंदला कोणी गेलं तर तासाभराचाच प्रश्न असायचा.

*

सुवर्णा नर्स. तिकडे नोकरी लागून ती निघाली तेव्हा आमची भाताची झोडणी चालू होती. अंगणात, ओटीवर, चुलीपाशी, जिथे बघावं तिथे पेंढा.

"टोरांटो किती लांब गो?" काकूनं विचारलं.

"साडेबारा हजार किलोमीटर."

"किलोमीटर नको सांगू. टाइम सांग."

"दिल्लीला विमान बदलायचं. सगळं धरून एक दिवस."

काकूनं झाडू उचलला आणि माळ्यावर टाकला. सुवर्णा हसली, "आई, केर काढल्यानं विमान पडत नाय."

"नसंल पडत. पण मी काढणार नाय."

*

सुवर्णाचं विमान सुटल्यावर मी काकूला फोनवर त्याचा नकाशा दाखवला. विमानाचा ठिपका उत्तरेकडे सरकत होता. काकू घाबरली. "मावळतीला जायचं ना? मग हा वर कुठं चालला? वाट चुकला काय रे?"

मी लाल भोपळा आणला, त्यावर सुतळी ताणून धरली आणि पृथ्वी गोल असल्यामुळे वरून जाणंच कसं जवळचं पडतं ते समजावलं. काकूला पटलं. तिनं भोपळा माझ्या हातातून घेतला आणि देवापाशी नेऊन ठेवला.

"ती पोचंपर्यंत ह्याला कोणी विळी लावायची नाय."

*

लग्नानंतर सुवर्णाला दिवस गेले आणि बाळंतपणासाठी काकू एकटी निघाली. तोवर नाशिकच्या पुढे न गेलेली बाई! दिल्लीत चुकू नये म्हणून मी व्हीलचेअर सांगून ठेवली होती. काकूनं तीत डिंकाच्या लाडवांची पिशवी बसवली आणि स्वतः शेजारून चालत गेली.

"पाय धड हायत माझे," ती नंतर म्हणाली. "लाडू फुटले असते."

*

काकू अजून विमानातच होती आणि तिकडे सुवर्णाला कळा सुरू झाल्या, दिलेल्या तारखेच्या आधीच. आम्हाला कळलं, पण काकूला कळवणार कसं? जन्मभर त्या नियमाला हसलेले काका झाडू मांडीखाली घेऊन ओटीवर बसून राहिले. कोणाला पाय झटकूनही देईनात.

काकू विमानतळावरून थेट हॉस्पिटलात गेली. नात तिच्यासमोर जन्मली. इंग्रजीचा एक शब्द येत नसताना ही बाई अर्धी पृथ्वी ओलांडून वेळेवर लेकीच्या उशाशी उभी राहिली, याचा मला फार अभिमान वाटतो.

*

काही महिन्यांनी काकू परत यायला निघाली. दिल्लीत धुकं पडलं, विमान अडकलं, शेणव्याला पोचायला दोन दिवस लागले. घरात शिरते तोच सुवर्णाचा व्हिडिओ कॉल. तिच्या मागे जमिनीवर खेळणी, कागदाचे कपटे, बिस्किटांचा चुरा. मधोमध जावई केर ओढायचं मशीन हातात धरून उभे.

"आई, उंबऱ्याच्या आत आलीस?"

"आले गो."

सुवर्णानं मागे वळून जावयांना सांगितलं, "हां, लाव आता मशीन."