यादी लागायच्या आधीचे गुरुवार

रहाटणीत शांतवनभाऊंच्या घरी दर गुरुवारी आमची प्रार्थना असते. जमतो प्रभूपुढं मन मोकळं करायला, पण चहा आला की किस्सेच जास्त निघतात. यंदा तर विचारूच नका! निघोज्याजवळच्या आमच्या कंपनीतली एक लाईन बंद होणार, कोणाला काढणार त्याची यादी लागणार, असं कळलं आणि सगळ्यांचं धाबं दणाणलं. घाबरलेली माणसं फार विनोदी वागतात राव.

*

शांतवनभाऊ आमच्याच कंपनीच्या प्रेस शॉपमधून, पत्रे दाबायच्या खात्यातून, रिटायर झाले, पण त्यांची प्रार्थना अजून शिफ्टच्याच भाषेत. परवा हात जोडून म्हणाले, "प्रभू, आजची काळजी आजच्या शिफ्टमध्येच संपव. उद्याच्याला हँडओव्हर देऊ नको!"

सगळे हसले. मी मात्र आमेन जरा जास्तच मोठ्यानं म्हटलं. बंद होणाऱ्या लाईनवर मी होतो ना!

*

त्याच लाईनवर विल्सन, आमच्या गुरुवारच्या प्रार्थनेतलाच. रोज माझ्याच गाडीवर मागं बसून येणारा. आम्ही दोघांनी बुधवारी नोकरीसाठी उपवास धरला. कँटीनमध्ये दोघं जेवेनात, म्हणून वर बातमी गेली: लाईनवाल्यांनी उपोषण सुरू केलं!

एचआरच्या साहेबांनी मला बोलावलं. "युनियनचं काय चाललंय?"

"काही नाही साहेब, पोट बिघडलंय."

उपवास, प्रार्थना, एक शब्द तोंडातून निघाला नाही. फार लाज वाटली. गुरुवारी सगळ्यांसमोर कबूल केलं, तर शांतवनभाऊ म्हणाले, "पेत्रानं तर प्रभूला ओळखतच न्हाई म्हणून तीनदा नाकारलं हुतं. तुझे अजून दोन चान्स बाकी हायेत!"

*

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचा मुलगा हिंजवडीत, आयटीत. साहेब "भिऊ नका" या वचनावर बोलत होते आणि खिशात फोन थरथरत होता. तिसऱ्यांदा थरथरला तसे ते अडखळले. शांतवनभाऊंच्या पत्नी मार्थाताई म्हणाल्या, "आधी फोन घ्या साहेब, मग भिऊ नका!"

मुलाचा प्रोजेक्ट बंद झाला होता. साहेबांनी बायबल मिटलं, आमच्यात सतरंजीवर येऊन बसले आणि म्हणाले, "आज तुम्हीच माझ्यासाठी प्रार्थना करा."

*

घाबरलो की मी बाथरूममध्ये उपासनेची गीतं मोठ्यानं म्हणतो. त्या आठवड्यात खालच्या वहिनींनी माझ्या बायकोला विचारलं, "तुमच्यात सध्या कुठला सण आहे का हो?"

*

आमच्यात चिठ्ठ्या टाकायची पद्धत आहे. प्रत्येकानं एक उचलायची, जे नाव निघेल त्याच्यासाठी आठवडाभर प्रार्थना करायची आणि पुढच्या गुरुवारी सगळ्यांसमोर मोठ्यानं. यादीच्या आठवड्यात मला निघाला विल्सन!

सुपरवायझरनं आम्हा दोघांच्याही कानावर घातलं होतं, तुमच्यातला एकच राहणार.

आठवडाभर मी विल्सनच्या तब्येतीसाठी प्रार्थना केली. त्याच्या आईच्या गुडघ्यांसाठी केली. नोकरीचं नाव काढलं नाही. मनात एकच, प्रभू, मला ठेव.

गुरुवार आला. यादी दुसऱ्या दिवशी सकाळी लागणार होती. सगळे डोळे मिटून बसले, विल्सन माझ्या शेजारीच. मी त्याच्या आईच्या गुडघ्यांपर्यंत आलो आणि थांबलो.

शांतवनभाऊ डोळे न उघडता म्हणाले, "गुडघे झाले. आता उद्याचं माग की!"

खरं सांगतो, एवढी भीती मला कधीच वाटली नव्हती.

"प्रभू, उद्या विल्सनची नोकरी राहू दे."

"आमेन!" सगळे म्हणाले.

विल्सननं तेवढं आमेन म्हटलं नाही.