मावशीच्या गप्पा पुसदच्या मोटारीत

माझ्या उमरखेडच्या मावशीइतकं गोंगाटावर प्रेम करणारं माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात झालं नसेल. घरात तिच्या कानाशी तोंड नेलं तरी निम्मं वाया जाई. पण कापसाच्या जिनात, सरकी काढणाऱ्या यंत्रांच्या खडखडाटात, जिथं धडधाकट माणसं हातवारे करून बोलत, तिथं तिला शब्द न् शब्द ऐकू येई आणि ती निवांत संसाराच्या गोष्टी करी. स्वतः बोलायची इतकं हळू, की तिच्यापुढं आम्हीच बहिरे ठरायचो. तिच्या धाकट्या मुलीला, बेबीला पाहायला वणीचे पाहुणे आले, तर तिनं त्यांना थेट जिनात नेऊन बसवलं. बिचाऱ्यांनी मिशांवर कापूस घेऊन, ओरडून पसंती कळवली.

बेबीच्या जन्मानंतर मावशीचे कान पार गेले होते. घरात पोरीचा शब्द कळेना, म्हणून दर बाजाराला ती बेबीला घेऊन पुसदच्या मोटारीत इंजिनाजवळ बसे आणि त्याच गाडीनं परत येई. कंडक्टरनं विचारलं तर म्हणाली, "आमाले कुठी जाचं नाही भाऊ, आमी बोलून राह्यलो."

त्रेसष्ट साली नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, कानातलं तांदळाएवढं हाड जखडलंय, अशांना गोंगाटातच बरं ऐकू येतं. एक तर छातीवर डबी आणि कानात वायर असं यंत्र लावा, नाहीतर मुंबईला ऑपरेशन करून ते हाड काढून नवा तुकडा बसवून घ्या. यंत्र आठवडाभर टिकलं. "लुगड्याचीच खसखस ऐकू येते. लुगड्यासंग मी काय बोलू?" ऑपरेशनबद्दल तिनं एकच विचारलं, "बिघडलं तं मोटारीत ऐकू येते ते बी जाईन का?"

"जाऊ शकतं."

"मंग नाही."

बेबी लग्न होऊन वणीला गेली, तेव्हा मावशी आपणहून म्हणाली, "आता करा काय कराचं ते. मोटारीत माह्यासंग कोन हाय?"

ऑपरेशन साधलं. दिवाळीला बेबी आली आणि सवयीनं ओरडू लागली, तर मावशी म्हणाली, "हळू बोल माय." चार दिवस दोघी ओसरीवर कुजबुजत होत्या. मावशीला इतकं सुखात मी कधी पाहिलं नव्हतं.

बेबीला गाडीत बसवायला मी आणि मावशी स्टँडवर गेलो. इंजिन सुरू झालं. बेबी खिडकीतून काहीतरी बोलली. मावशी सवयीनं इंजिनाकडं सरकली, कान दिला आणि गोंधळली. बऱ्या झालेल्या कानात आता नुसतं इंजिनच घरघरत होतं. गाडी गेली.

"काय म्हणे रे ते पोरगी?" तिनं मला विचारलं.

मी काय सांगणार? तेवढ्या आवाजात ऐकू येणारी आमच्यात एकटी तीच होती.