जांबाचा चोथा आणि सुपारीचा कलश

निजाम सरकारच्या राज्यात शेतसाऱ्याची वसुली सोडली तर वेळेवर काहीच होत नसे, आणि माझं पोट त्या राज्याची अगदी इमानदार रयत होतं.

तेलगावच्या पाटलांच्या राधाशी माझी सोयरीक ठरत आली. सुपारी फोडायचा दिवस जवळ आला आणि पोट बंद! होणारे सासरे जावयाची पारख पंगतीत करणारे. (आधीच्या स्थळानं अर्ध्या पोळीवरच हात धुतला म्हणून त्याला परत धाडलं होतं!) मी घाबरून हकीमसाहेबांकडे धावलो.

“जांब खाव, सालीसकट, बियांसकट,” ते म्हणाले. “मगर पानी खूब पीना! नै तो चोथा अंदरीच जम जाता.”

पाटीभर जांब, म्हणजे पेरू, घेऊन घरी आलो, तर आत्या दारातच. घरचा सगळा कारभार तिचा.

“उद्या संकष्टी चतुर्थी हाय. हे लगीन जमावं म्हनून तुज्या नावानं लिंबागणेशच्या गणपतीला कडक उपास बोललेय मी. पाण्याचा थेंब न्हाई!”

“आन जांब?”

“फळं चालत्यात की!”

झालं! अर्धं हकिमाचं, अर्धं आत्याचं, असं औषध मी दिवसभर घेतलं. पाटी संपली, घसा वाळला, पोटाचा दगड झाला. चंद्र मेला ढगात बसला, म्हणून रात्रीही थेंब नाही.

सकाळी सुपारी फोडायला निघालो, तर तेलगावच्या वाटेवर विहीर लागली. पाण्याची सगळी थकबाकी तिथं एका दमात भरली.

पाटलांच्या ओसरीवर पाट, पाटावर कलश. भटजींनी सुपारी हातात घेतली आणि आत जमलेला सगळा चोथा एकदम वाटेला लागला! तांब्या शोधला, दिसेना. पाणी होतं ते एकाच भांड्यात. नारळ हळूच खाली ठेवला (संस्कार सोडले नाहीत!), कलश उचलला आणि उसात धूम ठोकली.

परतलो तर आत्यानं कपाळाला हात लावलेला, सासरे लालबुंद.

“कावून बे, देवाचा कलश घेऊन गेलतास?”

होणाऱ्या जावयाला ‘बे’! लग्न मोडलं, हे मी ओळखलं. रडूच आलं.

तोच दाराआडून राधा खळखळून हसली. “आबा, फोडा सुपारी! ह्यो रुसला तरी लांब जानार न्हाई, उसातच सापडंल.”

सासऱ्यांच्या मिशा हलल्या. दुसरा कलश आला आणि सुपारी फुटली.

त्याला कैक वर्षं झाली. तेलगावात बाकीच्या जावयांना आल्याआल्या पाट आणि विडा मिळतो. मला दारातच भरलेला तांब्या देतात आणि उसाच्या वाटेवरून बैल बाजूला घेतात!