घराला अस्तर

आमच्या ह्यांना सगळे मास्तर म्हणतात. शाळेतले नव्हे, शिवणाचे. बाजाराच्या रस्त्यावर अरुंदसं दुकान आहे. एक मशीन, एक कापायचं टेबल आणि एक जडशीळ इस्त्री. कोट शिवतात. हात असा, की बाही उलटी करून दाखवली तर सुलटी कुठली हे गिऱ्हाइकाला विचारावं लागतं. माझं म्हणणं एवढंच, की ज्याला सुई येते त्यानं सुईच धरावी, करवत आणि हातोडीच्या वाटेला जाऊ नये. पण घरात माझं ऐकतो कोण?

आमचं घर ओळीतलं शेवटचं. एका बाजूला शेजाऱ्यांची भिंत, बाकीच्या तिन्ही बाजू उघड्या. टेकडीवरून सुटलेला वारा मधे कुठे न थांबता थेट आमच्या पश्चिमेच्या भिंतीवर येतो. खिडक्या जुन्या लाकडाच्या, वाकलेल्या. थंडीत खिडकी घट्ट लावली तरी पडदा हलायचा. आम्ही दोघं त्यात निभावून नेत होतो, पण लेकीला ते सोसलं नाही.

चिमी सहा वर्षांची असताना एकाच हिवाळ्यात दोनदा तिची छाती भरली. न्यूमोनिया. दुसऱ्या वेळी तिला दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुढचा हिवाळा हिला त्या घरात काढायला लावू नका." म्हणून आम्ही तिला ह्यांच्या थोरल्या बहिणीकडे, माझ्या वन्संकडे ठेवलं. त्या खाली सपाटीवर राहतात, बसने दिवसभराची वाट. तिथे हवा उबदार. वन्संना मूलबाळ नाही, आणि बाई जीव लावणारी. चार महिन्यांसाठी गेलेली पोर वर्ष होत आलं तरी तिथेच होती. काळीज पोखरायला एवढं पुरे होतं.

एकदा फोनवर चिमी म्हणाली, "थांब हं, आत्याई बोलावतेय." आत्या नाही, आत्याई. मी हसून घेतलं. ह्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि दुकानात जातो म्हणून निघून गेले. त्या वारी दुकान बंद असतं.

मग वन्संनीच विषय काढला. "इथल्या शाळेत नाव घालू का तिचं? पोर रुळलीय."

हे म्हणाले, "नको अक्का. थंडीआधी घेऊन जातो. तिला वारंसुद्धा लागू देणार नाही."

"बघ बाबा," वन्सं म्हणाल्या. "एकदा जरी तिची छाती भरली ना, तर मी स्वतः येऊन घेऊन जाईन. मग परत मागायला यायचं नाही."

वारंसुद्धा लागू देणार नाही, असं आपण बोलायला बोलतो. सून आणताना बोलतो, कुणाचं पोर सांभाळायला घेताना बोलतो. त्याचा अर्थ जपू, एवढाच. आमच्या ह्यांनी तो शब्द खरा करायला घेतला. दुसऱ्या दिवशी मेणबत्ती पेटवून घरभर फिरायला लागले. जिथे ज्योत लवेल तिथे फट, आणि तिथे खडूची फुली. संध्याकाळपर्यंत घर फुल्यांनी भरून गेलं. मी म्हटलं, "त्यापेक्षा जिथे फट नाही तिथे फुल्या मारल्या असत्यात तर खडू वाचला असता."

सुतार बोलवा, असं मी सांगून पाहिलं. "माझ्या लेकीचं घर मीच शिवणार," म्हणाले. शिवणार! मी कपाळावर हात मारला.

पहिल्यांदा खिडक्यांना फोमच्या पट्ट्या चिकटवल्या. धूळ न पुसता चिकटवल्या, त्या दोन दिवसांत लोंबायला लागल्या. मग पुसून, घासून, जाड पट्ट्या लावल्या, तर खिडकीच मिटेना. म्हणून रंधा आणून खिडकी तासली, आणि तासली ती इतकी, की पट्टीसकट खडखडायला लागली. काचांच्या कडेनं लांबी, म्हणजे खडू-तेलाचा लगदा, भरली. तिच्यात तेल जास्त झालं आणि ती ओघळून खाली आली. रोज दुकानातून यायचे, हातपाय धुवायचे आणि शिडीवर चढायचे. बोटं सोलवटली, सुई धरताना दुखायची. त्यावर मी काही बोलले की म्हणायचे, "होतंय, होतंय." दाराखालच्या फटीसाठी मात्र त्यांनी कापडाची लांब गुंडाळी शिवून तिच्यात वाळू भरली. काय शिवली होती! कडेला पायपिंग, टोकाला गोट. येणारी जाणारी माणसं तिला पाय लागू नये म्हणून लांब ढांग टाकायची.

शेवटी पश्चिमेची भिंत उरली. वारा तिच्यातून येत नव्हता, पण हात लावला तर बर्फ. चिमीचा पलंग तिथेच मावत होता. ह्यांनी बराच वेळ भिंतीकडे पाहिलं आणि मग मला कोटाचं गणित सांगितलं. कोट वरच्या कापडानं गरम होत नाही. आत अस्तर असतं, अस्तर आणि कापड यांच्यामधे कापूस असतो, ऊब तो धरतो. "ह्या भिंतीला अस्तर नाही, म्हणून ती गार आहे." त्यांनी भिंतीवर लाकडी पट्ट्या ठोकल्या, मधे कापसाचे थर भरले, वरून जाड कापड ताणून चौकोनी टाके घातले आणि कापडाला फिकट पिवळा रंग दिला. खोटं कशाला बोलू, दिसायला सुंदर होतं. मी त्यावर तळहात ठेवला, तर भिंत गार लागेना. छताजवळचा झरोका तेवढा उरला होता, तोही फळी बसवून बुजवला.

मग मला हाक मारली. मी भांडी टाकून गेले. खोलीच्या मधोमध मेणबत्ती धरून उभे होते, आणि ज्योत सरळ.

"आता तुम्हीही हलू नका," मी म्हटलं, "नाहीतर वारा सुटेल."

ते खळखळून हसले. चिमी गेल्यापासून मी ते ऐकलं नव्हतं.

चिमी आली. उंच झाली होती, गाल भरले होते. दारात उभी राहिली आणि मला म्हणाली, "चपला कुठे ठेवू?" पाहुणी विचारते तसं. मी म्हटलं, "ठेव गं कुठेही, तुझंच घर आहे." ह्यांनी तिला ती भिंत दाखवली. तिनं टाके मोजले, बोट फिरवलं, "कोटाची भिंत" म्हणाली. आठ-दहा दिवस घरात सण असल्यासारखं वाटत होतं. बाहेर वारा घोंगावत होता आणि आत पडदा जागचा हलत नव्हता.

मग ती खोकायला लागली. आधी फक्त सकाळी, मग झोपेतही. पुन्हा मेणबत्ती निघाली. कोपरा न् कोपरा पाहिला, ज्योत कुठे लवेना. "मग शिरतंय कुठून?" म्हणाले, आणि कुलपाच्या भोकात कापूस कोंबला. सकाळी काचांवरून पाण्याचे ओघळ उतरायचे, खिडकीच्या कट्ट्यावर तळं साचायचं. ह्यांना वाटलं, बाहेरचं दव आत झिरपतंय. म्हणून सिलिकॉनची नळी आणून त्यांनी काचा बाहेरून बंद केल्या, मग आतून बंद केल्या. पाणी आणखी वाढलं. चिमीला मोकळं वाटावं म्हणून आम्ही तिला दिवसातून तीनदा वाफारा द्यायचो. खिडकी उघडायला बंदी, म्हणून धुणं आतल्या दोरीवर. ती खोकते म्हणून ह्यांचं दुकानात लक्ष लागेना, तर इस्त्रीचं कामही घरी आणलं. कोटावर ओलं फडकं टाकून इस्त्री फिरवली की खोलीभर वाफ व्हायची. तेवढीच ऊब, असं म्हणायचे. मीही म्हणायचे. इतकी वाफ जाते कुठे, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

एका सकाळी चिमी म्हणाली, "आई, भिंतीला वास येतो."

मला वाटलं, उंदीर मेला असेल. ह्यांनी पलंग ओढला, गुडघ्यावर बसले आणि नाक अस्तराला लावलं. शिंप्याला एक वास झोपेतही ओळखू येतो. ट्रंकेत ओला ठेवलेला कोट, महिन्यांनी काढला की येतो तो. तसला कोट ह्यांनी कधी दुकानात ठेवून घेतलेला नाही. घेऊन जा, शेजारचे कपडे खराब होतील, असं तोंडावर सांगतात. आता त्यांनी पुन्हा एकदा हुंगून पाहिलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"बुरशी," म्हणाले. "कात्री दे."

आपले टाके आपणच उसवणं ह्यांना मरणाइतकं नको वाटतं. कापताना दहादा विचार करतील, पण उसवणार नाहीत. त्या दिवशी खालपासून उसवत गेले. कापूस ओल्या गोळ्यांनी हातात आला. त्याच्या मागे भिंत काळी होती, जमिनीपासून माझ्या खांद्यापर्यंत, चिमीच्या उशीपाशी सगळ्यात जास्त. बाहेरचा एक थेंब आत आला नव्हता. आमचीच वाफ, आमचेच श्वास, त्या गार भिंतीवर मुरत होते. चिमी रात्रभर ते छातीत ओढत होती.

मी तिला उचलून स्वयंपाकघरात नेलं आणि दार लावून घेतलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी छाती ऐकली. भरली नव्हती, पण आत शिट्टी वाजत होती. त्या म्हणाल्या, "हिला तीन गोष्टी हव्यात. भिंती कोरड्या, हवा खेळती आणि खोली उबदार."

हे म्हणाले, "दोन जमवतो. दोन चालतील का?"

बाजारात भाव करतात, तसा आवाज नव्हता हो. पदर पसरावा तसा होता. बाईंनी नकारार्थी मान हलवली आणि औषधं लिहून दिली.

घरी येऊन ह्यांनी झरोका फोडला, खिडक्यांच्या पट्ट्या उपटल्या. वारा आत आला आणि चिमी कुडकुडायला लागली. खिडकी लावावी तर भिंत ओली राहते, उघडावी तर पोर गारठते. इकडे आड, तिकडे विहीर. औषध टाकून भिंत घासली, पत्र्यानं खरवडली, पोपडे निघाले, आणि तीन दिवसांनी काळे ठिपके परत वर आले. थंडीत ओली भिंत वाळणार कशी? उन्हाळ्यात वाळली असती. पण चिमीला उन्हाळ्यापर्यंत कुठे ठेवायचं? ह्यांचं जेवण सुटलं. मी ताट वाढायचे आणि मीच झाकून ठेवायचे.

संध्याकाळी वन्संचा फोन यायचा. "बरी आहे," हे सांगायचे. "जरा शिंकते. सगळ्यांच्याच इथे शिंका चालू आहेत." एकदा वन्सं म्हणाल्या, "तिला दे." ह्यांनी फोनवर हात ठेवला, चिमीसमोर वाकले आणि हळूच म्हणाले, "आत्याशी बोलताना खोकू नकोस हं, बाळा. जरा दाबून धर."

पोर शहाणी. तिनं ओठ मिटून घेतले. हो म्हणाली, नाही म्हणाली, मजेत आहे म्हणाली. चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांतून पाणी आलं, खांदे हलत होते. फोन ठेवला मात्र, आणि असा खोकला सुटला की ती जमिनीवर बसली.

माझ्या तोंडाला येईल ते मी ह्यांना बोलले. ते इथे सांगत नाही. सात वर्षांच्या लेकराला श्वास कोंडायला लावता, लाज वाटते का, हे त्यातलं सगळ्यात सौम्य. "मला ती हवी आहे गं," एवढंच म्हणाले. आणि मला का नको होती? पण ते मी बोलले नाही, कारण तेही त्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात दूध तापवत होते. चिमी दोन स्वेटर आणि ह्यांचा मफलर घालून खुर्चीवर बसली होती. पलीकडे भिंत खरवडल्याचा आवाज चालू होता. ती उठली आणि दारापाशी गेली.

"बाबा."

"काय गं?"

"मला घरी जायचंय."

खरवडणं थांबलं. मी चुलीकडे तोंड करून होते, मला वळायचा धीर होईना. मला वाटलं, आता हे म्हणतील, अगं हेच तर तुझं घर. मीही तेच म्हटलं असतं. पत्रा खाली ठेवल्याचा आवाज आला, मग हात धुतल्याचा. हे आत आले, माझ्या हातातून दुधाचा पेला घेतला आणि तिच्यासमोर उकिडवे बसले.

"जायचं," म्हणाले. "पण उपाशीपोटी घरी जायचं नाही. आधी दूध पी. मग अक्काला फोन करू, तू घरी येतेयस म्हणून."

तिनं पेला दोन्ही हातांनी धरला आणि प्यायला लागली. मधेच खोकला आला, तर तिनं घाबरून ओठ मिटले.

"खोक गं," हे म्हणाले. "मोकळेपणानं खोक."