लाल कडीवाला आणि चार मणी

निवृत्त माणसाच्या घरात दोन गोष्टी आपोआप साठतात. औषधांच्या रिकाम्या पट्ट्या आणि किस्से. पट्ट्या फेकता येतात.

आमच्या भागात किस्सा म्हटला की तो वाघाचा. नागभीडमध्ये ज्याला वाघ दिसला नाही, त्याच्याकडे निदान वाघानं त्याला पाहिल्याचा किस्सा असतोच! आमच्या मंडळाचे किस्से मात्र बारा-पंधरा ग्रॅमच्या पाखरांचे. म्हणून कोणी ऐकत नाही.

मंडळ चौघांचं. केशवभाऊ रेल्वेतले निवृत्त पॉइंट्समन. गाड्या आपापल्या रुळांवर घालण्यात त्यांचा जन्म गेला. अजूनही ड्युटीला निघाल्यासारखा रोज धुतलेला, इस्त्रीचा शर्ट घालतात. रामटेके सर निवृत्त शिक्षक. वासुदेव टेलर. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, तरी मशीन सोडत नाही. आणि मी कारकून. पूर्वी लोकांच्या अर्जांवर शेरे मारायचो, आता लोकांवर मारतो.

केशवभाऊंच्या परसात खोलीएवढा जाळीचा पिंजरा आहे. तो त्यांच्या पत्नीनं, इंदूबाईंनी, हौसेनं उभा केला. आत तीन कप्पे आणि तीन जातींच्या परदेशी फिंच. झेब्रा, बेंगाली आणि आउल. आउलचं तोंड घुबडासारखं पांढरं आणि छातीवर दोन काळे पट्टे. इंदूबाईंचा जीव आउलवर. स्वतःच्या वाणाच्या प्रत्येक आउलच्या पायात त्यांनी लाल कडी घातली होती.

या पाखरांना सोबत लागते, आणि सोबत मिळाली की ती भलत्याशीच जोडी जमवतात. होणारं पिल्लू ना याचं ना त्याचं. बहुतेकदा त्याचा वंशही पुढे चालत नाही, आणि मूळ वाण हातचा जातो. म्हणून बाईंचा नियम होता, जोडी जमल्याशिवाय मडकं टांगायचं नाही. आधी लगीन, मग घर!

*

तरी चुकून कोणाची जोडी जमलीच, तर अंडी बदलायची. नुसती काढून घेतली तर मादी पुन्हा घालते. त्याऐवजी खोटी ठेवली की ती बसते, वाट पाहते, कंटाळते आणि उठून जाते. अर्जदारांच्या बाबतीत आमच्या ऑफिसात हीच पद्धत होती.

खोट्या अंड्यांचा पुरवठा वासुदेवकडून. ब्लाउजच्या लटकनाचे लांबट पांढरे मणी हुबेहूब अंड्यासारखे दिसतात.

एकदा बेंगालीच्या मडक्यात झेब्र्याची भानगड निघाली. केशवभाऊ बाहेरगावी होते. वासुदेव म्हणाला, "मी बदलतो, त्यात काय!" त्यानं मणी नेले आणि मोतीबिंदूच्या नजरेनं शेजारच्या मडक्यात ठेवले. ते अस्सल आउलचं मडकं होतं. त्यातली खरी अंडी काढून त्यानं इमानानं नाल्यात टाकली.

आउलच्या मडक्यापुढे आम्ही तीन आठवडे हळू आवाजात बोलत होतो. शेवटी इंदूबाईंनी मडक्यात बोट घातलं, एक मणी काढून उजेडात धरला आणि म्हणाल्या,

"वासुदेवभाऊ, याले तं दोरा ओवाचं भोक हाये!"

*

रामटेके सरांना या सगळ्या बंदोबस्ताची गंमत वाटायची. एकदा त्यांनी विचारलंच, "केशवभाऊ, माणसातली जात जाऊन राह्यली म्हणता, आन् तुमी पाखरात काऊन आणता?"

केशवभाऊ पाखरांचा राळा निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "सर, माणसाची जात माणसानं केली. हे पट्टे पाखरू घरून घेऊन येते."

सर गप्प झाले. सरांना गप्प झालेलं मी दोनदाच पाहिलं. दुसरी वेळ शेवटी सांगतो.

*

दर सकाळी एक रानटी मुनिया बाहेरून जाळीला लटकायची. नर होता. आतल्या बेंगालीच्या मादीसाठी गायचा. ही बेंगाली म्हणजे मूळ मुनियाच्याच नात्यातली. मादी आतून उत्तर द्यायची. केशवभाऊंनी जाळीबाहेर वीतभर अंतरावर दुसरी जाळी ठोकली. नर दुसऱ्या जाळीवरून गाऊ लागला!

कोणीतरी तक्रार केली की इथे जंगलातली पाखरं कोंडतात. फॉरेस्ट गार्ड आला. केशवभाऊंनी समजावलं, "साहेब, आतले सारे परदेशी हायेत. गावरान तो एकच, आन् तो बाहेर हाये."

गार्डनं बाहेरच्या मुनियाकडे पाहिलं. तो नर जीव तोडून गात होता.

"मंग त्याची तक्रार काय हाये?"

*

इंदूबाई आजारी पडल्या. शेवटचे दिवस दवाखान्यात गेले. आम्ही भेटायला गेलो की माणसांची चौकशी आधी आटपायची आणि मग पाखरांची सुरू व्हायची. मेथीच्या भाजीसारखी निवडून निवडून एकेकाची.

शेवटच्या भेटीत त्यांनी केशवभाऊंना जवळ बोलावलं. आम्ही शिष्टाचार म्हणून दाराकडे सरकलो. पण आवाज कानावर आलाच.

"झेब्र्याले मधल्या कप्प्यात येऊ देऊ नका. माह्या आउलचा वाण बिघडू देऊ नका."

"नाई बिघडू देत," केशवभाऊ म्हणाले.

एकोणचाळीस वर्षांच्या संसाराचा निरोप एवढाच. अंत्यविधीहून आल्यावर त्यांनी आधी मधल्या कप्प्याची कडी पाहिली, मग आंघोळीला गेले.

*

यंदाच्या मे महिन्यात लाल कडीची शेवटची मादी उन्हानं गेली. ओलं किंतान लावलं होतं, कूलर लावला होता. वीज नव्हती. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज पाहुण्यासारखी येते, पाणी पिऊन जाते.

उरला एक नर. लाल कडीवाला. त्याच्याबरोबर वाण संपणार.

आउलमध्ये नर-मादी दिसायला सारखेच. केशवभाऊ नागपूरला जाऊन 'खात्रीची मादी' घेऊन आले. आम्ही खुर्च्या टाकून बसलो. खात्रीच्या मादीनं दांडीवर बसून चोच वर केली, छाती फुगवली आणि गायला सुरुवात केली. गातो तो नर! लाल कडीवालाही गायला लागला.

वासुदेव म्हणाला, "मांडवात दोन्ही नवरदेवच आले ना!"

केशवभाऊ पुन्हा गेले, बदलून दुसरी आणली. तिनं चार दिवस तोंड उघडलं नाही. केशवभाऊ खुलले. पाचव्या दिवशी तीही गायली.

तिलाही परत करून आले, आणि त्यानंतर ते नागपूरला गेले नाहीत.

*

एकटा पडल्यावर लाल कडीवाला पिसं फुगवून कोपऱ्यात बसू लागला. दाणा तसाच राहायचा. केशवभाऊंच्या ताटातलं अन्नही तसंच राहत होतं, पण ते त्यांच्या सुनेनं सांगितलं म्हणून कळलं.

"मरून जाईन तो," सर म्हणाले. "सोबत द्या त्याले."

दोन दिवसांनी केशवभाऊंनी मधल्या कप्प्याची कडी काढून त्याला झेब्र्यांत सोडलं. अट एकच, मडकं मिळणार नाही. पण एका विधवा झेब्रा मादीला मडक्याची गरज वाटली नाही. पाखरांना चोच घासायला समुद्रफेस ठेवायची बांबूची छोटी टोपली होती, तिच्यात दोघांनी गवत भरलं. आठवड्यात चार अंडी!

वासुदेवनं न सांगता चार मणी आणून दिले. भोकं मेणानं बुजवली होती. अनुभव!

केशवभाऊंनी ते निळ्या शर्टाच्या खिशात टाकले. "आजच बदलतो," म्हणाले. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. बाईंचा शब्द राहिला.

पुढचे पंधरा दिवस आम्ही रोज बसलो. चहा घेतला. वाघाच्या अफवा ऐकल्या. मादी आणि लाल कडीवाला आळीपाळीनं टोपलीत बसत होते. त्यांच्या मणी उबवण्याबद्दल वासुदेवनं दोन विनोदही केले. केशवभाऊ हसले नाहीत. जेवायला लागले होते मात्र.

सोळाव्या दिवशी सर बोलता बोलता थांबले. आम्हीही ऐकलं. टोपलीतून बारीक, किरकिरा आवाज येत होता. एकाचा नव्हे. दोघा-तिघांचा.

लाल कडीवाला टोपलीच्या काठावर बसून आत चोच घालत होता.

"भाऊ," वासुदेव म्हणाला, "अंडी बदलली होती ना?"

केशवभाऊंनी खिशात हात घातला. चार मणी काढले आणि ओट्यावर ओळीनं ठेवले.

"ध्यानातच नाई राह्यलं."

वासुदेवनं मणी चाचपून पाहिले. सरांनी मण्यांकडे पाहिलं, मग केशवभाऊंच्या खिशाकडे, आणि काही बोलले नाहीत.

केशवभाऊंच्या अंगात पांढरा शर्ट होता. कडक इस्त्रीचा, त्याच दिवशी सकाळी घातलेला.