जर्मनीची प्रॅक्टिस

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आमच्याकडं शेंबडं पोरगंही म्हणतं. का म्हणतात, ते मात्र कुणालाच धड सांगता येत नाही! मी पुण्यात जर्मन शिकले आणि लग्न होऊन नेमकी परभणीत आले, तेव्हा सासरे म्हणाले, "चला, एकदाची म्हण खरी झाली!" पुढं इथल्या नर्सेस, इलेक्ट्रिशियन पोरं जर्मनीला नोकरीला जायला लागली आणि मी एका मेडिकल दुकानाच्या वरच्या खोलीत जर्मनचा वर्ग काढला. पोरं शिकतात, व्हिसा मिळाला की उडून जातात. किस्से तेवढे माझ्याकडं सोडून जातात. बॅगेला वजनाची मर्यादा असते ना!

* * *

नव्या बॅचचा पहिला दिवस. सुनंदा गंगाखेडजवळच्या खेड्यातली, परभणीत एका खासगी दवाखान्यात नर्स. मॅडम कशी आहे ते बघायला तिची आईही आलेली, मागच्या बाकावर पिशवी मांडीत घेऊन बसलेली.

मी फळ्यावर लिहिलं. जर्मनमध्ये ‘मी’ म्हणजे ‘इश’. ‘माझं नाव सुनंदा’ म्हणजे ‘इश हाइसं सुनंदा’. सोप्पंय!

सुनंदा उठली. ओढणी सावरली. "इश..." म्हणाली आणि अडकली. पुढचं आठवेना. खाली बघून पुन्हा, "इश... इश..."

आई मागून कडाडली, "अगं, नाव सांगायलीस का उखाणा घ्यायलीस? एवढं लाजायलीस कामून!"

* * *

जर्मनमध्ये आपल्यासारखंच तो, ती, ते असतं. त्यामुळं आपली पोरं घाबरत नाहीत. पण ‘मुलगी’ हा शब्द त्यांच्यात ‘ती’ नसून ‘ते’ असतो, असं मी सांगितलं आणि वर्गातल्या मुली खवळल्या. "ते? आमी काय टेबल हाव का मॅडम?"

तेवढ्यात माधव उठला. हा मानवतचा, इलेक्ट्रिशियन. तोंडाला कुलूप नाही. म्हणाला, "त्यात काय एवढं! आमच्या आजीला तर आख्खं घर ‘ते’ हाय. ‘ते माधव्या कुठं उलथलंय?’ म्हणती. आमाला काय ठाव, आजी जर्मन बोलायलीय!"

* * *

या माधवनं कुठंतरी वाचलं, की जर्मनीत पारा शून्याच्या खाली जातो. त्यानं हाय खाल्ली. आमच्याकडं मे महिन्यात पत्र्यावर पापड भाजून निघतो. थंडीची सवय करायची कुठं?

त्याच्या मावशीचे यजमान मानवतला बर्फाच्या कारखान्यात कामाला. माधव रोज दुपारी तिथं जायला लागला. बाहेर लोक पंचे ओले करून डोक्यावर घ्यायलेत आणि हा स्वेटर, मफलर, कानटोपी घालून बर्फाच्या लाद्यांशेजारी जर्मन पुस्तक वाचत बसलेला! कुणी विचारलं की सांगायचा, "जर्मनीची प्रॅक्टिस करायलोय."

ही बातमी गावात पसरली. दोन दिवसांनी त्याच्या शेजारी एक चुलता येऊन बसला. मग चुलत्याचा दोस्त. मग पानटपरीवाला. मग कापसाच्या आडतीवरचे दोन मुनीम जेवणाचे डबेच घेऊन आले. कुणाकडं पासपोर्ट नाही, काही नाही. सगळ्यांचं एकच उत्तर, "प्रॅक्टिस करायलोय!"

शेवटी मालक आले. त्यांनी आत डोकावून पाहिलं, कपाळावर हात मारला आणि दारावर खडूनं लिहिलं:

‘फक्त जर्मनीला जाणाऱ्यांनीच आत बसावे.’

* * *

माधवची मुलाखत माझ्याच वर्गात झाली, ऑनलाइन. पलीकडं कंपनीच्या बाई, चष्मा लावलेल्या, करारी चेहऱ्याच्या. अलीकडं माधव, उसना टाय घालून. शिकवलेली सगळी वाक्यं घामाबरोबर वाहून चाललेली.

बाईंनी विचारलं, "वीजकामाचा तुम्हाला काय अनुभव आहे?"

माधवनं तोंड उघडलं आणि लाईट गेली!

लॅपटॉप बॅटरीवर, नेट माझ्या मोबाइलचं, म्हणून बाई आम्हाला दिसत होत्या. पण खोलीला एकच खिडकी, तीही बंद. त्यांना समोर नुसता काळोख. माधव मात्र एकदम शांत झाला. दोन बोटं वर करून म्हणाला, "मोमेंट बिटं. श्ट्रोम वेक!" म्हणजे, थांबा जरा, वीज गेली. आणि धाडधाड जिना उतरून गेला.

खालून मेडिकलवाल्याचा आवाज आला, "अरे, आधी गळ्यातलं ते काढ, अडकंल कुठंतरी!" मग फ्यूजच्या पेटीची खटखट. मग पंखा फिरला, दिवा लागला. माधव वर आला, टाय खांद्यावर टाकलेला, हात काळे. खुर्चीत बसला आणि म्हणाला, "श्ट्रोम दा." वीज आली.

बाईंनी हसून हसून चष्मा काढला, डोळे पुसले. म्हणाल्या, "अनुभवाचा प्रश्न मी मागं घेते."

* * *

सगळंच असं हसण्यावारी जायचं असं नाही. सुनंदा परीक्षा पास झाली, एका वृद्धाश्रमात नोकरीही ठरली. आणि तिच्या वडिलांनी, आबांनी, पाय आडवा घातला. "एकटी पोरगी परमुलखात? न्हाई म्हंजी न्हाई!" पोरगी वर्गात यायची, पण चेहरा उतरलेला. मी दोनदा फोन केला, आबांनी उचललाच नाही.

एका शनिवारी आबा स्वतःच जिना चढून वर आले. पांढरा सदरा, टोपी, धाप लागलेली. "मॅडम, हिचं नाव कमी करा."

"आबा, आधी बसा, पाणी घ्या," मी म्हटलं. "प्रॅक्टिस चाललीय, संपली की बोलू."

आबा गुडघा धरून बाकावर टेकले. प्रॅक्टिस होती नर्स आणि पेशंटच्या संवादाची. सुनंदाच्या काय मनात आलं कुणास ठाऊक, ती सरळ आबांसमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "वो टूट एस वे?"

"काय म्हणायलीय ही?"

माधव म्हणाला, "कुठं दुखायलंय म्हून इचारायलीय, आबा."

आबांनी मुकाट गुडघा दाखवला. सुनंदानं तो दाबून पाहिला. चढताना दुखतो का उतरताना? सकाळी जास्त का संध्याकाळी? ती जर्मनमध्ये विचारायची, माधव मराठीत सांगायचा, आबा मन लावून उत्तर द्यायचे.

शेवटी आबा म्हणाले, "हे घरी मराठीत कधी इचारलं न्हाईस गं?"

"घरी तुमी इचारू देता का? मी दिसले की, ‘च्या टाक!’"

सगळा वर्ग फुटला. आबाही हसले, हसता हसता टोपीनं डोळे टिपले. नाव कमी करायचं राहूनच गेलं. जाताना जिन्यावर थांबले, कठड्याला धरून माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "तिकडच्या म्हाताऱ्यांना बी गुडघे असतीलच की."

* * *

सुनंदा आता तिकडं चांगली रुळलीय. परवा तिनं कामावरून वर्गाला व्हिडिओ कॉल केला. नवी बॅच मोबाइलभोवती गोळा झाली.

ती सांगत होती, तिच्या वॉर्डात एक खूप म्हाताऱ्या आजी आहेत. बोलणं बंद झालेलं, माणसं ओळखत नाहीत. चमचा जवळ नेला की ओठ घट्ट मिटायच्या. सगळ्या नर्सेसनी जर्मनमध्ये विनवण्या करून पाहिल्या, व्यर्थ. एका दुपारी सुनंदा दमली होती. तिच्या तोंडून आपलं गावाकडचंच निघून गेलं, "खा की गं माय, येवढा येकच घास!"

आजींनी तिच्याकडं टक लावून पाहिलं. आणि तोंड उघडलं.

"तवापासून रोज जेवतात, मॅडम!"

मी विचारलं, "आणि तुझी सुट्टी असली की मग?"

सुनंदा नुसती हसली आणि तिनं मोबाइल फिरवला. खिडकीशी चाकाच्या खुर्चीत पांढऱ्या केसांच्या आजी. त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसलेला एक धिप्पाड, पिवळ्या दाढीचा जर्मन नर्स. दंडावर गोंदलेलं, हातात सूपची वाटी. त्यानं चमचा उचलला, मान जरा तिरकी केली आणि अस्सल गंगाखेडच्या हेलात म्हणाला,

"खा की गं माय!"

आजींनी आ केला.