पहिल्या पानावरची तीन नावं

ऑफिसात सगळे तिला मावशी म्हणतात. एका संगणकभाषेचं मॅन्युअल ती एकोणीस वर्षं लिहितेय आणि स्वतः चालवून बघितल्याशिवाय एक ओळ लिहीत नाही.

भाषेच्या यंदाच्या आवृत्तीत नव्या सोयी आल्या, पण संगणकांच्या तीन जुन्या सिस्टिमवर ती आवृत्ती चालणार नव्हती. साहेब म्हणाले, "सोयी ठळक छापा. त्या तीन सिस्टिमची पानं गुपचूप काढून टाका. वापरतंय कोण आता?"

मावशीच्या डोक्यात तिडीक गेली. "गुपचूप का? चोरी केलीय का आपण?" तिने 'यांवर चालणार नाही' असं लिहून तिन्ही सिस्टिमची नावं पहिल्याच पानावर घातली. साहेबांनी ती खोडली. तिने परत घातली. साहेबांनी पुन्हा खोडली, तेव्हा मावशी इरेलाच पेटली. नावांखाली स्वतःचा फोन नंबर टाकून तिने मॅन्युअल सगळीकडे पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी साहेब तावातावाने तिच्या टेबलापाशी आले, तेवढ्यात फोन वाजला. खालून फाटकावरचा पहारेकरी बोलत होता. "मावशी, आपल्या फाटकाच्या संगणकाची सिस्टिम तुमच्या यादीत पहिलीच आहे. साहेबांनी आजच नवी आवृत्ती टाकायला सांगितलीय. टाकू का?"

मावशीने रिसीव्हर साहेबांपुढे धरला. "घ्या. वापरणारा बोलतोय."